झाकलेलं इंजिन

आमचं घर धरमतरच्या खाडीकाठी, बांधाच्या आतल्या अंगाला होतं. कुडाच्या भिंती, वर पेंढ्याचं छप्पर, आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की सरळ बांधावर चढणारी पायवाट. बांधावर उभं राहिलं की एका हाताला शेटची मिठागरं आणि दुसऱ्या हाताला खाडीचा चिखल. उन्हाळ्यात मिठाच्या राशी इतक्या लखलखायच्या की दुपारी तिकडे बघवत नसे. बा आणि माझा थोरला भाऊ बाळादादा मिठागरात कामाला होते. आय आणि मी पाट्या डोक्यावर घेऊन मीठ वाहायचो. खाऱ्या पाण्याने सगळ्यांच्या टाचा फाटलेल्या. संध्याकाळी आय चुलीपुढे बसून एकेकाचा पाय मांडीवर घ्यायची आणि भेगांत करंजाचं गरम तेल सोडायची. आग अशी व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा बाळादादा आपला पाय पुढे करण्याआधीच कापल्यासारखा बोंबलायचा, आणि मी रडायच्या ऐवजी हसत सुटायचे. मग तांदळाची भाकरी, कधी सुकट, कधी चिखलात पकडलेल्या निवट्यांचं कालवण. जेवतानाही आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. मिठागरात वारा एवढा असायचा की तिथे हळू बोललेलं कुणाला कळत नसे, आणि ती सवय घरीही यायची. वाटेने जाणाऱ्याला वाटावं की आत भांडण जुंपलंय.

मीठ आधी शिडाच्या गलबतांतून मुंबईला जायचं. मी तेरा-चौदा वर्षांची असेन तेव्हा शेटने गलबतं ओढायला एक लाँच आणली. तिचं इंजिन रॉकेलवर चालायचं आणि त्याचा आवाज म्हणजे कुणीतरी लोखंडाच्या पिंपावर घण घालतोय असा. लाँच नजरेला पडायच्या कितीतरी आधी तो ठोका खाडीवरून यायचा, आणि चुलीशेजारच्या फळीवरची भांडी किणकिणायला लागायची. आय म्हणायची, "आली बया." लाँचवर इब्राहिमचाचा होता. मुरुडकडचा माणूस, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. इंजिनाशेजारी आयुष्य काढून त्याचे कान अर्धे गेले होते. बाळादादाचं आणि त्याचं जमायचं. मीठ भरून झालं की दादा लाँचवर जाऊन बसायचा आणि दोघं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचे.

त्या वर्षी हंगाम संपत आला असताना मिठागराच्या उघाडीची फळी बदलायचं काम निघालं. खाडीचं पाणी आत घ्यायचा आणि बंद करायचा तो दरवाजा. जुनी फळी उपटताना तिच्यातला गंजका खिळा बाळादादाच्या टाचेत गेला. चिखलात उभं राहूनच त्याने तो ओढून काढला. घरी आल्यावर आयने हळद आणि चुना भरला, वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर गेला. जखम वरून भरलीही. आमच्याकडे पायात काही ना काही घुसलेलं नसेल असं माणूसच नव्हतं, त्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही.

आता माझ्या पणतवंडाचा गुडघा अंगणात खरचटला तरी नातसून त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेते, सुई टोचून आणते, आणि येताना भाजी घेऊन येते. मी फक्त त्याच्या दंडावरचा कापसाचा बोळा बघत बसते.

काही दिवसांनी एका सकाळी भाकरी खाताना बाळादादा थांबला. म्हणाला, "आये, मना तोंड उघडता येत न्हाय." आयला वाटलं अक्कलदाढ येत असेल. तिने लवंग दिली. संध्याकाळपर्यंत त्याची मान आखडली. चेहरा ओढल्यासारखा झाला, जणू तो हसतोय, आणि डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पितळी निसटली. ती जमिनीवर आपटली तसा तो अंथरुणावर धनुष्यासारखा वाकला. टाचा आणि डोकं तेवढं खाली, मधलं अंग वर उचललेलं. दातांतून एक आवाज आला, तो माणसाचा वाटला नाही. मग अंग सैल पडलं, आणि तो आमच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळत होतं. शेवटपर्यंत सगळं कळत होतं.

गावातल्या म्हाताऱ्यांनी लगेच ओळखलं, धनुर्वात. आवाज झाला की झटका, उजेड पडला की झटका, नुसतं अंगाला कुणी लागलं तरी झटका. आमच्या घरात त्या दिवसापासून कुणी मोठ्याने बोललं नाही. आयने भांडी चिंध्यांत गुंडाळून ठेवली. शेजारणीने आपला कोंबडा कापला. कुत्रं बांधाच्या पार पलीकडे नेऊन बांधलं. देवळातली घंटा लोकांनी फडक्याने बांधून टाकली, आणि बायकांनी भात कांडायला मुसळं उचलून शेजारच्या पाड्यात नेली. जन्मात कधी हळू न बोललेली माणसं तोंडाशी तोंड नेऊन कुजबुजायला लागली. चुलीतलं लाकूड तडतडलं तरी आय दचकून दादाकडे बघायची.

पेणहून डॉक्टर आला. भला माणूस. चपला बाहेर काढून चवड्यांवर चालत आत आला, दादाला बघितलं आणि बाला घेऊन बांधापर्यंत गेला. मी मागोमाग गेले.

"मुंबईच्या इस्पितळात न्यायला हवं," तो म्हणाला. "आणि लगेच."

बा म्हणाला, "औषध हिकडं आनता येनार न्हाय का, डाक्तर?"

"एका सुईचं काम नाही, धर्मा. पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, रात्रंदिवस गुंगीत ठेवावं लागतं. गळ्याला झटका आला आणि श्वास अडकला तर तिथं माणसं आहेत, सामान आहे. इथं मी एकटा काय करणार?"

"न्हेला तं वाचंल?"

"नेलं तर वाचण्याची आशा आहे," तो म्हणाला.

बैलगाडीचे हिसके तो सोसणार नव्हता. शिडाच्या होडीला वैशाखातला समोरचा वारा. दोन दिवसही लागले असते. राहिली लाँच. ती मिठाच्या धक्क्याला लागलेलीच होती. पण नुसती पितळी पडल्यावर ज्याचं अंग कमानीसारखं वाकत होतं, त्याला त्या इंजिनाशेजारी तासन्‌तास कसं ठेवायचं? बा इब्राहिमचाचाकडे गेला आणि डॉक्टर काय म्हणाला ते त्याच्या कानाशी सांगितलं. चाचाने इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाला, "झाकून बघू. शेटला काय सांगायचं ते मी सांगेन."

सकाळी सगळं गाव धक्क्यावर होतं. एवढी माणसं एकत्र येऊन इतक्या शांतपणे काम करताना मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. आधी मिठाची भरलेली पोती इंजिनाभोवती रचली, छातीएवढी भिंत झाली. चाचाने इंजिन चालू केलं. आवाज थोडा कमी झाला, पण धक्क्यावरची आय मान हलवत होती. मग भाताचं तूस आणलं. बायकांनी गोणपाटाच्या पिशव्या तुसाने ठासून भरल्या, आणि त्या मिठाच्या भिंतीला बाहेरून लावल्या, वरही घातल्या. फटींत पेंढा कोंबला. प्रत्येक घरातून गोधडी आली. ज्या घरात एकच गोधडी होती त्या घरातूनही आली. सगळ्या ओल्या करून वर पसरल्या. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा फटफटाट वेगळाच होता. तिच्या तोंडाशी चाचाने रिकामं पिंप बसवलं, त्याला भोकं पाडली आणि आत खडी भरली. पुन्हा इंजिन चालू केलं. आता तो घणाचा आवाज राहिला नव्हता. लांबच्या घरात कुणी भात कांडावं तसा धप धप ऐकू येत होता.

बा लाँचच्या पुढच्या टोकाला गेला आणि फळ्यांवर उताणा निजला, दादाला जसं निजवायचं होतं तसाच. थोड्या वेळाने उठून बसला.

"कानाला ठीक हाय," तो म्हणाला. "पन पाठीतनं येतंय. दातापर्यंत."

चाचाने फळीवर तळहात ठेवला. पाण्याने भरलेली वाटी ठेवून बघितली, तर पाणी शहारल्यासारखं थरथरत होतं. फळ्यांखाली तुसाच्या पिशव्या घातल्या तरी थरथर गेली नाही. शेवटी खालच्या आळीतल्या कोळ्याने आपलं नवं जाळं आणलं. दोन बांबू आडवे बांधून त्याची झोळी टांगली, आत पेंढा आणि आयचं लुगडं पसरलं. बा तिच्यात निजला. इंजिन चालू होतं. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मग तो उठला आणि म्हणाला, "आना त्याला."

दादाच्या कानांत तेलात भिजवलेला कापूस घातला, वरून डोक्याला फडकं बांधलं. घराचं दार बिजागरीवरून काढून त्याच्यावर त्याला निजवलं आणि चार जणांनी बांधावरून आणलं. माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, लहान पोरांच्या तोंडांवर आयांचे हात होते. एका ठिकाणी एकाचा पाय घसरला, दार हललं, आणि दादा वाकला. तो सैल पडेपर्यंत चौघे तसेच उभे राहिले. मग पुन्हा चालू लागले.

भरती पुरी भरली तशी आम्ही निघालो. लाँचवर बा, आय, मी, इब्राहिमचाचा आणि सुकाणूवर त्याचा पुतण्या. झोळीवर ओलं कापड ताणून सावली केली होती. मी दादाच्या उशाशी बसले होते, आय पायथ्याशी. ओहोटीचं पाणी आम्हाला बाहेर ओढत होतं. दोन्ही काठ मागे जात होते, आणि मागून तो धप धप येत होता, एका लयीत. दादाचं अंग थोडं ताठलं, पण झटका आला नाही. मी ओलं फडकं त्याच्या ओठांवर पिळलं. दातांच्या फटीतून थोडं आत गेलं. तो माझ्याकडे बघत होता. आय मला खुणेने विचारत होती, कसा आहे? मी खुणेनेच सांगत होते, चांगला आहे. रेवस मागे पडलं, खाडीचं तोंड मागे पडलं, मोकळं पाणी लागलं. बाने इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिलीम काढली. मला खरंच वाटलं की आपण पोचलो.

माणसाला किती थोडक्यावरून असं वाटू शकतं, याचं आता नवल वाटतं. त्या वेळची ती तास-दीड तासाची आशा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आठवते.

करंजाच्या डोंगरासमोर आलो आणि जळक्या गोणपाटाचा वास आला. चाचाने वरची एक गोधडी उचलली तर खालून वाफ आली. त्याने इंजिनाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. तो वाकून बापर्यंत आला.

"तापलंय. हवाच नाही त्याला," तो बाच्या कानाशी बोलला, पण त्याचं हळू बोलणंही आम्हाला ऐकू येत होतं. "असंच चालवलं तर अडकून बसेल, मग कुणाच्याच्याने चालू व्हायचं नाही. बंद करून गार होऊ द्यावं, नाहीतर पोती काढावी."

"गार व्हायला किती येळ?"

चाचाने पाण्याकडे बोट दाखवलं. ओहोटी सरत आली होती. थांबलो असतो तर भरतीने आम्हाला उलटं खाडीत ढकललं असतं. "थांबलो तर आज पोचत नाही," तो म्हणाला.

आय उठून उभी राहिली. "पोती काढायची न्हाईत," ती म्हणाली. "उद्या पोचू. त्याला बरा वाटतंय आता. काढायची न्हाईत."

"अगं, उद्यापरेंत..." बा बोलायला लागला आणि थांबला. पुढचं त्याला दादासमोर बोलता येईना. इंजिन धपधपत होतं आणि जळका वास वाढत होता. आय बाकडे बघत होती, बा पाण्याकडे.

तेव्हा दादा बोलला. दोन दिवसांत त्याने शब्द काढला नव्हता. कानांत बोळे असूनही त्याने ऐकलं होतं, की आमच्या तोंडांवरून ओळखलं होतं, कोण जाणे. मिटलेल्या दातांतून, एकेक अक्षर ढकलत तो म्हणाला, "का...ढा."

आयने त्याच्याकडे बघितलं. मग ती झोळीपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि आपले दोन्ही तळहात त्याच्या कानांवर ठेवले. "काढा," तीही म्हणाली.

चाचाने आधी आमच्याकडची बाजू तशीच ठेवून मागच्या पिशव्या काढल्या. तेवढ्याने भागेना. मग वरच्या गोधड्या काढल्या, मग दोन्ही बाजू. तूस वाऱ्याने उडून आमच्या अंगावर येत होतं. एकेक पोतं हटत होतं तसा तो घण मोठा होत होता, आणि शेवटी आमच्या बांधावरून ऐकू यायचा तसा, नव्हे त्याच्या शंभर पट, सगळ्या लाँचवर भरून राहिला. दादाला झटका आला. तो ओसरायच्या आत दुसरा आला. मी त्याचे पाय धरले होते, झोळीतून पडू नये म्हणून. आय त्याच्यावर ओणवी होऊन कानांवर हात दाबून बसली होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. ती त्याला काय सांगत होती ते मला कधीच कळलं नाही, आणि मी तिला पुढे कधी विचारलं नाही. मध्ये झटके थांबले. मी आयला खूण केली, शांत झालाय. तिने मान हलवली पण हात काढले नाहीत. समोर मुंबईची धूर सोडणारी धुराडी दिसायला लागली होती.

धक्क्याला लागलो तेव्हा दिवे लागत होते. चाचाने इंजिन बंद केलं. कान बधिर झाले होते, त्यामुळे एकदम बुडल्यासारखं वाटलं. आय वाकून म्हणाली, "झाला रं बाळा. आवाज बंद झाला बग. पोचलो." तिने तळहात काढले. मग पुन्हा ठेवले, आणि या वेळी कानांवर नाही, गालांवर ठेवले. बा झोळीपाशी आला. दादाचे डोळे अर्धे उघडे होते. नाकाशी बोट धरायची गरज नव्हती.

तो केव्हा गेला हे आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. आय आणि मी, दोघी त्याच्या अंगाला हात लावून बसलो होतो, आणि त्या आवाजात त्याचा श्वास थांबलेला आम्हाला ऐकू आला नाही. धक्क्यावर कुणीतरी डॉक्टरला बोलावून आणलं. त्याने कंदील वर धरून बघितलं, मान हलवली आणि गेला. आय रडली नाही. ती झोळीची एक दोरी धरून बसून राहिली.

भरतीबरोबर पहाटे आम्ही परत निघालो. इब्राहिमचाचाने इंजिन चालू करण्याआधी उरलेली पोती आणि पिशव्या पुन्हा भोवती लावल्या, हवेला जागा ठेवून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता पोचायची घाई नव्हती, त्याने वेगही कमी ठेवला. आवाज पुन्हा तसाच झाला, लांब कुणी भात कांडावं तसा. दादाला आता फळ्यांवर निजवलं होतं, अंगावर आयचं लुगडं. खाडीचं तोंड आलं, ओळखीचे काठ दिसायला लागले, आणि आय रडायला लागली.

ती विलाप करत होती. बाळा लहानपणी काय खायचा, कुठल्या बांधावरून पडला होता, कुणासारखा हसायचा, पाय पुढे करण्याआधी कसा ओरडायचा. इंजिन झाकलेलं होतं म्हणून तिचा एकेक शब्द लाँचवरच्या प्रत्येकाला ऐकू येत होता. पाणीही संथ होतं. जायला कुठे जागा नव्हती. चाचा इंजिनाकडे तोंड करून बसला होता, त्याचा पुतण्या सुकाणूवर मान खाली घालून होता. मी दोन्ही हात तोंडात कोंबले होते. बा पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसला होता, आणि त्याची पाठ ताठ होती. गावात त्याला पुढे काय काय करायचं होतं. लाकडं, माणसं, खांदा. त्याला मोडून पडता येणार नव्हतं.

तो अचानक उठला आणि इंजिनापाशी आला.

"चाचा, ती पोती काढ."

"आता कशाला, धर्मा? आता काय घाई आहे?"

"घाई न्हाय," बा म्हणाला. "काढ."

चाचाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग उठला आणि पोती काढायला लागला. बासुद्धा हात लावत होता. सगळं मोकळं झाल्यावर चाचाने इंजिनाचा वेग वाढवला. तो घण सुरू झाला, दोन्ही काठांवर आदळून परत यायला लागला, आणि आयचं तोंड हलताना दिसत होतं पण शब्द ऐकू येईना. मी तोंडातले हात काढले आणि मला हवी तशी ओरडून रडले. मलाच माझा आवाज आला नाही. बा परत पुढे जाऊन बसला. या वेळी त्याची पाठ वाकली, खांदे हलायला लागले. एकदा तो बाजूला वळला तेव्हा मला दिसलं, त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तो आकाशाकडे बघून ओरडत होता.

आमचा बांध दिसला. बांधावर माणसं उभी होती. लाँच धक्क्याला लागली, पुतण्याने दोर फेकला, वरच्यांनी तो बांधलाही, तरी चाचाने इंजिन चालूच ठेवलं. तो बाकडे बघत हात इंजिनाच्या चाकावर ठेवून बसला होता. बाने डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं, फडकं पुन्हा बांधलं आणि उठून उभा राहिला. मग चाचाने इंजिन बंद केलं.